काळ्या मातीवर काँक्रीटची वाट आणि विटांची किनार : कंत्राटदाराचा प्रस्ताव तपासून हवा आहे

मखमलाबादकर (धागाकर्ता)

नमस्कार. नाशिकजवळच्या मखमलाबाद शिवारात, जिथे काही वर्षांपूर्वीपर्यंत द्राक्षबागा होत्या, तिथे आमच्या घराचे बांधकाम नुकतेच पूर्ण झाले आहे. फाटकापासून पोर्चपर्यंतची ३० फूट लांब व १० फूट रुंद वाट आणि घरामागे संध्याकाळी बसण्यासाठी १२ फूट बाय १० फुटांचा ओटा, अशी दोन कामे आता राहिली आहेत. दोन्ही ठिकाणी साधे काँक्रीट करून त्याच्या कडेने तांबड्या विटांची किनार द्यावी, अशी घरातील सर्वांची इच्छा आहे. अंगणभर चकचकीत फरशी आम्हाला नको आहे.

कंत्राटदाराने सुचवलेले काम असे आहे : वरची माती चार इंच खरवडून काढायची, त्यावर दोन इंच मुरूम पसरून धुम्मसाने ठोकायचा, त्यावर चार इंच काँक्रीट ओतायचे आणि ते घट्ट झाल्यावर दोन्ही बाजूंनी मातीत चर काढून सिमेंटच्या मालात विटा उभ्या बसवायच्या. जमीन काळी आहे. उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच जागी चिखलात पाय रुततो. आमच्याच गल्लीत अशाच पद्धतीने बसवलेली विटांची ओळ दुसऱ्या पावसाळ्यानंतर बाहेरच्या बाजूला कलंडलेली दिसते, म्हणून काम सुरू होण्यापूर्वीच विचारत आहे.

एवढा मुरूम पुरेसा आहे का, किनार आधी बसवावी की काँक्रीट झाल्यावर, वीट कोणती घ्यावी आणि पाडव्यानंतर, म्हणजे ऐन उन्हात, हे काम काढणे योग्य ठरेल का, या प्रश्नांवर जाणकारांनी मार्गदर्शन करावे.


स्थापत्य_सातपूर

तुमच्या गल्लीतली किनार का कलंडली, याचे उत्तर तुम्ही दिलेल्या प्रस्तावातच आहे. काळी माती बेसाल्ट खडक झिजून तयार होते आणि तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज पाणी शोषून फुगते व पाणी निघून गेले की आकसते. काँक्रीटच्या मध्यभागाखालच्या मातीला ऊन आणि पाऊस थेट लागत नाहीत, त्यामुळे तिथला ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. कडेच्या दोन-तीन फुटांच्या पट्ट्यात मात्र जमीन दर पावसाळ्यात उचलली जाते आणि दर उन्हाळ्यात खाली बसते. म्हणजे जमिनीची सर्वाधिक हालचाल जिथे होते, नेमकी तिथेच आपण सुटी वीट उभी करतो, आणि तीही मुरुमाच्या भरावाबाहेर, थेट काळ्या मातीत खणलेल्या चरात. किनार ही शोभेची वस्तू असून ती शेवटी लावायची असते, असे गृहीत धरले की हे ठरलेलेच आहे. तिची आखणी खोदाईच्या दिवशीच व्हायला हवी.

प्रथम वाटेच्या जागी एका बाजूला तीन फूट खोल खड्डा घेऊन पाहा. नाशिकच्या आसपास काळ्या मातीचा थर सर्वत्र सारखा नसतो. कुठे दोन फुटांवर मुरूम लागतो, तर नदी-नाल्यांच्या जवळ तो बराच खाली असतो. दोन फुटांच्या आत मुरूम लागला, तर संपूर्ण काळी माती उचलून टाकणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. थर खोल असेल, तर निदान दीड ते पावणेदोन फूट खोदाई करावी आणि ती वाटेच्या रुंदीपुरती न करता दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट वाढवून, म्हणजे एकूण १३ फूट रुंद करावी, जेणेकरून विटांची किनार आणि तिच्या पाठीचा आधार हे दोन्ही भरावावरच येतील. ३० फूट लांबीसाठी दीड फुटाची खोदाई धरली, तर सुमारे सहा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघेल.

माती कितपत फुगणारी आहे हे तपासण्याची एक सोपी चाचणी भारतीय मानक २७२० च्या ४० व्या भागात दिलेली आहे. वाळवून बारीक चाळलेली माती समान वजनाने दोन मोजनळ्यांत घ्यायची, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल भरायचे आणि २४ तासांनी दोन्हींतील मातीची उंची पाहायची. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, म्हणून ती उंची तुलनेसाठी आधार ठरते. पाण्यातील मातीचा थर रॉकेलमधील थराच्या दीडपट किंवा त्याहून अधिक भरला, तर चार इंच खरवडून दोन इंच मुरूम टाकण्याचा विचार सोडून द्यावा.


गंगापूररोडकर

एवढी खोदाई आणि भराव करण्यापेक्षा पेव्हर ब्लॉक का बसवत नाही? आमच्या सोसायटीत ते बसवले आहेत. एखादा ब्लॉक खचला तर तेवढाच काढून खाली कच (दगडाची बारीक चुरी) टाकून पुन्हा बसवता येतो, काँक्रीटप्रमाणे संपूर्ण चौकोन फोडावा लागत नाही. पाणीही सांध्यांतून जमिनीत मुरते. गाडीसाठी ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पुरतो.


स्थापत्य_सातपूर

दुरुस्तीच्या सोयीबद्दलचे आपले म्हणणे रास्त आहे, परंतु पेव्हर ब्लॉक घेतल्याने खोदाई वाचत नाही. सांध्यांतून खाली गेलेले पाणी काळ्या मातीपर्यंत पोहोचले, तर फुगवटा मधल्या भागातही सुरू होतो. त्यामुळे अशा जमिनीवर पेव्हरखालचा भराव उलट अधिक काळजीने करावा लागतो आणि त्यातले पाणी बाजूला काढून द्यावे लागते. शिवाय पेव्हर ब्लॉकला दोन्ही बाजूंनी घट्ट कड लागतेच. कड सैल झाली की ब्लॉक सरकतात, सांध्यांतली वाळू निघून जाते आणि चाकांच्या जागी चर पडतात. वरचा थर कोणताही निवडला, तरी खर्चाचा आणि काळजीचा मोठा भाग जमिनीखालीच असतो.


अंगणतुळस_देवळाली

मला एक वेगळा पर्याय सुचवावासा वाटतो. १० फूट रुंदीचे सलग काँक्रीट करण्याऐवजी चाकांखाली येतील अशा अडीच-अडीच फुटांच्या दोन पट्ट्या करून मधल्या भागात हिरवळ किंवा खडी ठेवली, तर अंगण तापत नाही, पावसाचे पाणी तिथेच मुरते आणि काँक्रीट निम्मे लागते. देवळाली कॅम्पमधल्या जुन्या बंगल्यांच्या आवारात अशा वाटा अजूनही पाहायला मिळतात आणि त्या डोळ्यांना फार सुखावतात. विटांची किनार या पट्ट्यांनाही उत्तम दिसते.

दुसरी विनंती झाडांविषयी आहे. वाटेलगत कडुनिंब, आंबा किंवा उंबर असेल, तर त्याच्या बुंध्याभोवती किमान चार-पाच फुटांचे आळे मोकळे सोडावे. काँक्रीट खोडापर्यंत नेले की झाडाला पाणी मिळत नाही आणि काही वर्षांनी मुळे काँक्रीट उचलतात. खोदाईत निघालेली काळी माती बाहेर टाकू नका. ती अंगणातल्या वाफ्यांसाठी सोन्यासारखी आहे.


मखमलाबादकर (धागाकर्ता)

ताई, दोन पट्ट्यांची कल्पना मनापासून आवडली. परंतु आमच्या आई चालण्यासाठी वॉकर वापरतात आणि फाटकापासून पोर्चपर्यंत त्यांना मधूनच, कुठेही पाय न अडखळता चालता यावे, ही आमची मुख्य गरज आहे. त्यामुळे सलग पृष्ठभाग ठेवावा लागेल. ओट्याच्या बाजूला मात्र मोकळी माती राखू आणि वाटेच्या डाव्या अंगाला असलेल्या कडुनिंबाभोवती आळे नक्की सोडू.

खड्डा घेऊन पाहिला. तीन फुटांपर्यंत काळी मातीच आहे, मुरूम लागला नाही. त्यामुळे पावणेदोन फूट खोदाई करून भराव करावा लागणार, हे आता उघड आहे. भराव नेमका कसा करावा आणि विटांची किनार त्यात कशी बसवावी?


स्थापत्य_सातपूर

खोदाईचा तळ प्रथम समपातळीत आणून ओला करून घट्ट दाबून घ्यावा. त्यावर मुरूम एकदम न भरता सहा-सहा इंचांच्या दोन थरांत टाकावा. प्रत्येक थरावर पाणी मारून, ते मुरल्यावर छोटा रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवावा. हाताच्या धुम्मसाने सहा इंचांचा थर तळापर्यंत दाबला जात नाही, वरचा दोन-तीन इंचांचा भागच घट्ट होतो. मुरूम निवडताना तो ओला करून मुठीत दाबून पाहावा. गोळा होऊन हाताला चिकटत असेल, तर त्यात माती जास्त आहे आणि तो नाकारावा. मुरूम दाबल्यावर बसतो, म्हणून मोजलेल्या घनफळापेक्षा पाचवा हिस्सा अधिक मागवावा.

मुरुमावर सहा इंच डबराचे सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर, हाताने रचून, त्याच्या फटींत कच आणि बारीक खडी भरून पुन्हा रोलर फिरवावा. त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. काँक्रीटमधले पाणी सोलिंगने ओढून घेऊ नये, हा त्याचा पहिला उपयोग, आणि पुढे काँक्रीट आकसताना त्याला खालून घर्षण कमी व्हावे, हा दुसरा. त्यावर चार इंच जाडीचे एम २० प्रतीचे (सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन प्रमाणाचे) काँक्रीट मोटारीला पुरते. परंतु आपल्या भागात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आत आणावा लागतो का, याचा आधी विचार करावा. टँकर आत येणार असेल, तर जाडी सहा इंच घ्यावी.

किनारीसाठी दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात सोलिंगचा माथा मधल्या भागापेक्षा पाच इंच खाली ठेवावा. त्यावर चार इंच काँक्रीटची गादी करावी, गादीवर पाऊण इंच माल पसरावा आणि वीट आपल्या कडेवर अशी बसवावी की तिची नऊ इंच लांबी वाटेच्या दिशेला काटकोनात येईल. अशा प्रकारे विटेचा माथा काँक्रीटच्या माथ्याशी बरोबर एका पातळीत येतो आणि फाटकाशी गाडी वळवताना चाक किनारीवर चढले तरी वीट फुटत नाही. काँक्रीटपेक्षा दोन इंच वर काढलेली किनार चित्रांत शोभून दिसते, पण गाडीच्या वाटेवर तिचे कोपरे पहिल्याच वर्षी झडतात, आणि ढाळाने आलेले पाणीही तिच्यामागे अडून राहते. ओट्यावर, जिथे चाक येत नाही, तिथे हौसेने वर काढावी. विटेच्या बाहेरच्या अंगाला तिच्या उंचीच्या दोन-तृतीयांशापर्यंत काँक्रीटचा तिरपा आधार द्यावा आणि त्यावर माती ओढून हिरवळ लावावी, म्हणजे तो आधार दिसत नाही.


वीटपारख_आडगाव

आमच्या घरात दोन पिढ्या वीटभट्टीचा व्यवसाय होता, म्हणून विटेबद्दल थोडे लिहितो. भिंतीसाठी घेतलेल्या गाडीतल्या उरलेल्या विटा किनारीला वापरण्याचा मोह होतो, तो टाळावा. भिंतीतली वीट गिलाव्याच्या आत असते, किनारीची वीट मात्र तिन्ही ऋतू उघड्यावर काढते, तिचे बूड ओल्या मातीलगत असते आणि तिच्यावरून चाकेही जातात. भट्टीच्या मध्यभागी असलेल्या विटा सर्वांत चांगल्या भाजल्या जातात, बाहेरच्या थरातल्या फिकट आणि कच्च्या राहतात. गाडी उतरवून घेताना दोन विटा एकमेकींवर आपटून पाहाव्यात. पक्क्या विटेचा आवाज खणखणीत येतो, कच्चीचा बद्द येतो. नखाने किंवा खिळ्याने ओरखडा काढून पाहावा, पक्क्या विटेवर नखाची खूण उमटत नाही.

सर्वांत विश्वासाची परीक्षा मात्र पाण्याची आहे. कोरड्या विटेचे वजन करून ती २४ तास पाण्यात बुडवून ठेवावी आणि पुन्हा वजन करावे. साध्या भाजलेल्या विटांसाठी भारतीय मानक १०७७ नुसार हे शोषण वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, आणि वरच्या प्रतीच्या विटांसाठी ही मर्यादा १५ टक्के आहे. किनारीसाठी १५ टक्क्यांच्या आतलीच घ्यावी. म्हणजे तीन किलोची वीट भिजल्यावर तीन किलो ४५० ग्रॅमच्या वर जाऊ नये. खंगर, म्हणजे अति भाजून काळपट झालेल्या विटा, पाणी जवळजवळ पीत नाहीत आणि टिकतातही, परंतु त्या वाकड्या असल्याने सरळ ओळ साधत नाही आणि गुळगुळीत अंगाला माल नीट धरत नाही. ओट्याच्या कडेला, जिथे थोडा ओबडधोबडपणा खपतो, तिथे त्या फार सुंदर दिसतात.

एकलहरे येथील औष्णिक वीज केंद्रामुळे आपल्याकडे राखेच्या विटाही सर्रास वापरल्या जातात. त्या आकाराने एकसारख्या असतात, पण रंग राखाडी असल्यामुळे काँक्रीटच्या शेजारी त्या उठून दिसणार नाहीत.

विटा बसवण्यापूर्वी पाण्यातले बुडबुडे थांबेपर्यंत भिजवाव्यात आणि वरचे पाणी निथळल्यावर लावाव्यात, नाहीतर वीट मालातले पाणी पिऊन टाकते आणि माल भुसभुशीत राहतो. माल एकास चार प्रमाणाचा घ्यावा. मी किनार आधी बसवण्याच्या मताचा आहे. आमच्याकडे पूर्वीपासून तसेच करत आलो आहोत. किनारीची दोन्ही अंगे दोरीने आणि लेव्हल ट्यूबने पातळीत आणली की तीच काँक्रीट समपातळीत आणणारा पाटा ओढण्यासाठी आधार होते आणि सेंटरिंगच्या फळ्यांचा खर्च वाचतो.


स्थापत्य_सातपूर

वीट निवडण्याबद्दल आपण लिहिलेले प्रत्येक वाक्य धागाकर्त्यांनी जपून ठेवावे. किनार आधी बसवण्याबद्दल मात्र माझे मत निराळे आहे आणि त्याचे कारण सांगतो. भट्टीतून बाहेर पडलेली मातीची वीट हवेतला ओलावा घेऊन हळूहळू किंचित वाढते आणि ही वाढ पुन्हा मागे जात नाही. काँक्रीट याच्या उलट, पाणी गमावत आकसत जाते. दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटवून टाकले, तर कुठेतरी सांधा सुटतोच, आणि तो बहुधा वेडावाकडा सुटतो. म्हणून काँक्रीट आणि वीट यांच्यामध्ये १० ते १२ मिलिमीटरची सरळ फट ठेवून तिच्यात फोमची दोरी आणि वरून पॉलिसल्फाइड सीलंट (सांधा बुजवणारा लवचीक माल) भरणे मला योग्य वाटते. किनार आधी बसवली, तर ही फट स्वच्छ मिळत नाही, सिमेंटचे पाणी तांबड्या विटांवर ओघळते आणि पाटा ओढताना ताज्या विटा हलतात.

फळ्या लावून आधी काँक्रीट करावे, फळ्या काढल्यावर गादीवर विटा बसवाव्यात. फळ्यांचा खर्च अधिक होईल हे खरे आहे, परंतु तीन-चारशे विटांवरचे डाग ॲसिडने धूत बसण्यापेक्षा तो परवडतो.


वीटपारख_आडगाव

वीट वाढते, ही गोष्ट भट्टीवाल्यांनाही ठाऊक असते. म्हणूनच भट्टीतून काढलेली गरम वीट लगेच लावू नये, निदान दोन-तीन आठवडे तिला हवा खाऊ द्यावी, असे वडील सांगत असत. फट ठेवण्याला माझी हरकत नाही. किनार आधी बसवूनही तिच्या आतल्या अंगाला थर्माकोलची पट्टी लावली, तर फट मिळतेच, असे माझे म्हणणे आहे. गवंडी सावध असेल, तर दोन्ही रीतींनी काम चांगले होते.


सिन्नरकर

लोणा, म्हणजे विटेवर येणारा क्षारांचा पांढरा थर, याबद्दल कोणी लिहिले नाही. आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे, त्यात विटा भिजवल्या आणि किनारीवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर दर हिवाळ्यात दिसतो. तो कसा टाळावा?


वीटपारख_आडगाव

विटेत, मालात किंवा जमिनीत असलेले क्षार पाण्यात विरघळतात, पाणी विटेच्या पृष्ठभागावर येऊन उडून जाते आणि क्षार तिथेच राहतात. त्यामुळे विटा भिजवायला आणि माल कालवायला शक्यतो नळाचे पाणी वापरावे. विटेखाली काँक्रीटची गादी असली की जमिनीतले पाणी वर चढणे कमी होते, हा गादीचा आणखी एक फायदा आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत येणारा पांढरा थर कोरड्या ब्रशने झाडून काढावा. त्यावर पाणी ओतले तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि पुन्हा बाहेर येतात. ॲसिड वापरायचेच असेल तर वीट आधी ओली करून, ॲसिड पाण्यात घालून अगदी सौम्य करून, कोपऱ्यातल्या एका विटेवर परीक्षा घेऊन मगच वापरावे.


मखमलाबादकर (धागाकर्ता)

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. कंत्राटदारांशी बसून खोदाई, दोन थरांचा मुरूम, सोलिंग आणि गादीवरची किनार हे सर्व त्यांना समजावले. खर्च वाढेल असे ते म्हणाले, परंतु काम करण्यास तयार झाले. आता दोन गोष्टी राहिल्या आहेत. काँक्रीटचे सांधे किती अंतरावर द्यावेत आणि उन्हाळ्यात ओतताना काय काळजी घ्यावी? सामान किती लागेल याचाही अंदाज मिळाला तर बरे होईल. टँकर बाहेरूनच नळी लावून टाकी भरतो, त्यामुळे जाडी चार इंचच ठेवत आहे.


स्थापत्य_सातपूर

सांध्यांचे अंतर काँक्रीटच्या जाडीच्या २४ ते ३० पटींच्या आत असावे, म्हणजे चार इंच जाडीसाठी आठ ते दहा फूट. तुमच्या ३० फुटांत दहा-दहा फुटांचे तीन चौकोन बसतात, पण ते मर्यादेच्या काठावर आहे. मी साडेसात फुटांचे चार भाग करेन. लांबी-रुंदीचे प्रमाण दीडपटीच्या आत राहते आणि भेग पडायचीच असेल तर ती सांध्यातच पडते. सांध्याची खोली जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे एक इंच ठेवावी. यंत्राने कापणार असाल, तर कडा न झडता कापता येईल इतके काँक्रीट घट्ट होताच कापावे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबले, तर काँक्रीट भेगेची जागा स्वतःच निवडते. जिथे काँक्रीटचा सांधा येतो, त्याच रेषेत विटांच्या किनारीतही मालाऐवजी सीलंटचा सांधा ठेवावा. हे बहुतेक ठिकाणी विसरले जाते आणि मग सांध्यासमोरची वीट मधोमध तडकते.

पोर्चच्या जोत्याला काँक्रीट थेट चिकटवू नये, तिथे अर्धा इंच जाडीची पट्टी घालून ते सुटे ठेवावे. ड्रेनेजचे चेंबर वाटेत येत असेल, तर त्याच्याभोवतीही तसेच करावे आणि एक सांधा चेंबरच्या कोपऱ्यातून न्यावा.

लोखंडाबद्दल गैरसमज आहे, म्हणून लिहितो. जाळी घातल्याने भेग पडणे थांबत नाही, पडलेली भेग मिटलेली राहते. आपल्या जमिनीवर मी आठ मिलिमीटरच्या सळ्यांची दहा इंचांची जाळी घालेन, पण ती वरच्या तिसऱ्या भागात, कव्हर ब्लॉकवर (सळ्या उचलून धरणाऱ्या छोट्या ठोकळ्यांवर) टेकवून. सोलिंगवर पडून राहिलेली जाळी काहीच काम करत नाही, आणि ओतताना कामगार तिच्यावरून चालले की ती खाली जातेच. म्हणून एका माणसाने तेवढ्याकडेच लक्ष द्यावे.

सामानाचा हिशेब सोपा आहे. ३० फूट, १० फूट आणि चार इंच यांचे घनफळ बरोबर १०० घनफूट, म्हणजे एक ब्रास भरते. एकास दीडास तीन प्रमाणाने त्याला सिमेंटच्या सुमारे २३ गोण्या, ४२ घनफूट क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) आणि ८४ घनफूट खडी लागेल. ओट्याला याच्या दोन-पंचमांश. दोन्ही ठिकाणच्या किनारीला मिळून साडेतीनशेच्या आसपास विटा लागतील, फूटतूट धरून ४०० घ्याव्यात. गादीचे आणि पाठीच्या आधाराचे काँक्रीट यात धरलेले नाही.

पाण्याबाबत मात्र कठोर राहावे. भारतीय मानक ४५६ नुसार या प्रमाणात ५० किलोच्या गोणीला ३० लिटरपेक्षा अधिक पाणी चालत नाही, आणि त्यात वाळूतला ओलावाही धरायचा असतो. पाटा सहज ओढता यावा म्हणून कामगार काँक्रीट कालवण्याच्या दर खेपेत बादलीभर पाणी वाढवतात. तेच पाणी पुढे उडून गेल्यावर पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि दोन वर्षांत चाकांखाली खडी उघडी पडते. त्याचप्रमाणे वर कोरडे सिमेंट शिंपडून गुरमाळ्याने गुळगुळीत घोटू देऊ नये. तो थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि पावसात निसरडा होतो. आपल्या आई वॉकर घेऊन चालणार आहेत, तेव्हा लाकडी थापीने समतल करून, वरचे पाणी गेल्यावर ओल्या झाडूने आडव्या बारीक रेघा ओढाव्यात.

पाडव्यानंतर काम करायला हरकत नाही, उलट पावसाळ्यापूर्वी भराव आणि काँक्रीट पूर्ण होणेच इष्ट आहे. फक्त काँक्रीट पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी संपवावे. उन्हापेक्षाही दुपारचा कोरडा वारा अधिक घातक असतो, कारण तो पृष्ठभागावरचे पाणी आतून येणाऱ्या पाण्यापेक्षा वेगाने उडवतो आणि ओल्या काँक्रीटवरच केसासारख्या भेगा उमटतात. खडीवर आदल्या संध्याकाळी पाणी मारून ती गार ठेवावी. पृष्ठभाग घट्ट होताच ओली गोणपाटे अंथरून त्यावर प्लॅस्टिक टाकावे. वाटेला ढाळ असल्यामुळे आळी बांधून पाणी साठवता येणार नाही. राखमिश्रित पीपीसी सिमेंट असेल तर किमान १० दिवस, शक्यतो १४ दिवस गोणपाटे ओली राहिली पाहिजेत, आणि तोपर्यंत गाडी आत आणू नये.


गंगापूररोडकर

ढाळाचा उल्लेख झाला म्हणून विचारतो. आमच्या भागात डांबरीकरणाचे थरावर थर चढून रस्ता आता आवारापेक्षा उंच झाला आहे. अशा वेळी पाणी फाटकाकडे कसे काढणार?


स्थापत्य_सातपूर

हा प्रश्न धागाकर्त्यांनीही आजच तपासावा. साठास एक ढाळ दिला तर ३० फुटांत पाणी सहा इंच उतरते. पोर्चची पायरी आणि फाटकाबाहेरचा रस्ता यांत तेवढा फरक नसेल, तर ढाळ लांबीच्या दिशेने न देता आडवा, बागेकडे द्यावा. तेव्हा बागेकडची किनार काँक्रीटपेक्षा पाव इंच खाली ठेवावी, म्हणजे पाणी तिच्यावरून हिरवळीत उतरेल. पण ते किनारीच्या पायाशी न साठता दोन-तीन फूट पुढे जाईल, अशी मातीची उतरण करावी. रस्त्याचे पाणी आत येत असेल, तर फाटकाच्या आतल्या अंगाला आडवी नाली करून तिच्यावर लोखंडी जाळी बसवावी आणि ते पाणी बाजूला काढावे. छताच्या पन्हाळाचे पाणी तर किनारीजवळ कधीच सोडू नये, ते पाइपने दूर न्यावे.


अंगणतुळस_देवळाली

बागेकडे येणारे हे पाणी उथळ चर काढून कडुनिंबाच्या आळ्यापर्यंत नेता येईल. चराच्या तळाशी खडी आणि वर कर्दळ किंवा गवती चहा लावल्यास माती वाहून जात नाही आणि पाणी साचून डासही होत नाहीत. किनारीला लागून मात्र रोज पाणी द्यावे लागणारी झाडे लावू नयेत. उन्हाळ्यात एका बाजूची माती ओली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहिली, तर वर लिहिलेली हालचाल पुन्हा सुरू होईल, असे मला वाटते.


स्थापत्य_सातपूर

ताईंचे म्हणणे अगदी बरोबर आहे. ठिबकची नळीही किनारीपासून निदान तीन फूट दूर ठेवावी.


मखमलाबादकर (धागाकर्ता)

पातळी तपासली. पोर्चच्या पायरीच्या पायथ्यापासून रस्त्यापर्यंत जेमतेम दोन इंचांचा उतार मिळतो, म्हणून आडवा ढाळ बागेकडे देण्याचे ठरवले आहे आणि फाटकाशी जाळीची नाली करणार आहोत. काँक्रीट आधी आणि विटा नंतर, या क्रमाने काम होईल. विटा आताच आणून रचून ठेवत आहोत, म्हणजे बसवण्याच्या वेळेपर्यंत त्या हवेत राहिलेल्या असतील. भिजवून वजन केलेल्या नमुन्यांत एका भट्टीची वीट १५ टक्क्यांच्या आत बसली, तीच घेतली आहे. खोदाई सोमवारी सुरू होईल. त्यापूर्वी काही राहिले असल्यास कृपया सांगावे.


स्थापत्य_सातपूर

एक गोष्ट राहिली. मुरुमाचा पहिला थर टाकण्यापूर्वी वाटेच्या आडव्या दिशेने, पोर्चजवळ एक आणि फाटकाजवळ एक, असे चार इंची पीव्हीसी पाइप टाकून त्यांची तोंडे किनारीच्या बाहेर दोन फूट काढून टोप्या लावून ठेवाव्यात. उद्या बागेच्या दिव्यांची वायर, ठिबकची नळी किंवा गॅसवाहिनी पलीकडे न्यायची झाली, तर काँक्रीट फोडावे लागणार नाही. पाइप सोलिंगमध्ये ठेवू नयेत, रोलरखाली फुटतात. ते खोदाईच्या तळाशी छोटा चर काढून त्यात कच भरून बसवावेत. त्यांच्या जागा कंपाउंडच्या भिंतीवर रंगाने नोंदवून फोटो काढून ठेवावेत.